डिंकावर उभं राहिलेलं टेबल

९ फेब्रुवारी १९५८

आज यशोदा पडली. पाटावरून उठताना. ताट कलंडलं, भात सांडला, आणि जमिनीवरूनच मला म्हणते, "अहो, तुम्ही जेवा, गार होईल." मी जेवलो! लिहिताना लाज वाटते, पण जेवलो.

दौलतराव डॉक्टर येऊन गेले. दोन्ही गुडघे गेलेत. खाली बसणं बंद – कायमचं.

१३ फेब्रुवारी

स्टोव्ह ट्रंकेवर, स्वतः स्टुलावर – असा तिचा स्वयंपाक चाललाय. मला वाढते, माझं झालं की भिंतीला टेकून उभ्यानं चार घास. रात्रीचं जेवण सोडलंच. "भूक नसते." मांडीवर ताट घे म्हटलं, तर म्हणाली, "मी काय देवळाबाहेर बसल्ये?" टेबल आणू म्हटलं, तर हसली. "आणि कुणी तुमचाच लेख वाचून दाखवला म्हणजे?"

तो लेख! सहा वर्षांपूर्वी आमच्या पेपरात टेबलावर जेवणाऱ्यांची टर उडवली होती. खुर्चीतला जेवणारा आणि गव्हाणीवरचा बैल – ही उपमा. पुणं आठवडाभर हसलं. मीही. आता ती उपमा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभ्यानं जेवते.

१६ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. विकत आणायचं नाही. ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं खोडायचं.

स्टेशनाजवळ कादर मिस्त्रीचं दुकान आहे. देहूरोडच्या डेपोत बारा वर्षं लाकडी पेट्या ठोकून आता स्वतःचा धंदा करतो. गेल्या साली त्याच्या हाताखाली एक पाट आणि एक पुस्तकांची मांडणी केली होती, त्यामुळे मला वाटत होतं आपण निम्मे सुतार झालो. कादर म्हणाला, "शास्त्रीबुवा, टेबल म्हंजी पाट न्हवं. पाटाला पाय नसत्यात, त्यो लंगडत न्हाई."

अस्सल सागवान घेतलं. संस्कृतात सुताराला पाच नावं आहेत, पाचही तोंडपाठ. पटाशी कशी धरायची ते एकातही नाही.

२ मार्च

चार पायांत चार उंच्या! एक कापला, दुसरा उंच झाला. तो कापला, तिसरा. कादर बिडी ओढत बघत होता. "कापा, कापा. शेवटी पाट हुईल."

यशोदा बारीक होत चाललीय. बांगड्या कोपराकडे सरकतात. विचारलं की म्हणते, "कासारानं मोठ्या भरल्या होत्या."

९ मार्च

चौकट काटकोनात आली. कुसू – आडव्या पट्टीचं कापलेलं टोक – पायाच्या खाचेत हातोडीविना बसला – टक्! कादरनं मान हलवली. वीस वर्षांच्या बातमीदारीत संपादकांनी एवढंही केलेलं नाही.

आता वरच्या चार फळ्या कडेला कड लावून जोडायच्या. लोखंडी खिळा नाही, सरस. कादरनं पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून तो वितळवून दाखवला. वास! विचारलं, हा कशाचा? "कातडं, हाडं. उकळून काढत्यात. सागवानाला याच्याबिगर सोयरा न्हाई."

त्यानं डबा बांधून दिला. मी घेतला.

१० मार्च

डबा नदीकाठी ओतून आलो. जेवायचं टेबल, त्याच्या सांध्यांत जनावराचं कातडं – यशोदेला कसं चालेल? ती एकादशीला कांद्याचा चाकू वेगळा ठेवणारी.

बाभळीचा डिंक घोटला. वीस वर्षं पेपरची पाकिटं त्यानं चिकटवतोय, एकही बातमी वाटेत सांडली नाही. फळ्या सुंभानं आवळून ठेवल्या. कादरला सांगितलं, सरस छान बसला.

३० मार्च

टेबल उभं! रंधा मारून तुळतुळीत. यशोदेनं हात फिरवला. म्हणाली, "इथं थोडं उंच राहिलंय." बरोबर होतं.

म्हणाली, चांगला वार बघून बसेन.

९ एप्रिल

आज ती बसली. मला आधी वाढलं, मी जेवून उठलो, मग खुर्ची ओढून सावकाश बसली. तोंडावर असं काही होतं, की मी उगीच बाहेर जाऊन चपला सारख्या केल्या.

ऊन मरणाचं. लाकूड आखडलं असणार. फाटकन् आवाज झाला! आत आलो तर मधली जोड उघडी – करंगळी जाईल एवढी फट, वाटी कलंडलेली, आमटी तिच्या पायांवर. डिंक काचेसारखा तडकला होता.

ती उठली. पाय पुसले. भिंतीला टेकून उरलेला भात उभ्यानंच खाल्ला.

"लाकूडच ते," म्हणाली.

१० एप्रिल

फुटलेली फळी दुकानात नेऊन कादरला दाखवली. त्यानं फुटलेल्या कडेवर ओलं बोट फिरवलं, बोट डिंकाला चिकटलं.

"शास्त्रीबुवा, कातड्याचा व्हता म्हनून टाकलात, का माझ्या हातचा व्हता म्हनून?"

मी म्हणालो, "तसं नाही हो कादरभाई. घरात तिला चालत नाही."

"बाईंना इचारलंत?"

विचारलं नव्हतं. त्यानं माझा रंधा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. शिकवणी संपली.

११ एप्रिल

पेपरला बातमी पाठवायची होती, चार ओळी जमल्या नाहीत.

१४ एप्रिल

दौलतराव म्हणाले, वजन आणखी उतरलंय. "त्यांना बसून पोटभर जेवू घाला, माझ्या औषधानं काही होणार नाही." ती शेजारीच होती. म्हणाली, "अहो डॉक्टर, यांना कशाला सांगता? हे लिहून टाकतील."

विकतचं आणू? मी विचारलं. "नको," म्हणाली. एवढंच.

फळ्या भिंतीशी उभ्या आहेत. मी त्यांच्याकडे पाठ करून बसतो. चूक डिंकाची असती तर बरं झालं असतं. तिचं नाव पुढं केलं आणि मी मागं लपलो. कादरला सगळं लगेच समजलं. माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात गेलं!

१७ एप्रिल

पिंपरीहून दुपारी परतलो, तर गल्लीपर्यंत वास. आत यशोदा स्टुलावर बसून, पदर नाकाशी धरून स्टोव्हवर सरस ढवळतेय. स्वयंपाकाच्या पातेल्यात!

"टांगा करून गेले होते. कादरभाईंना विचारलं टेबल का फुटलं, तर म्हणाले, बाई, तुम्हालाच सरस चालत न्हाई." डाव माझ्या हातात दिला. "ढवळा. ते संध्याकाळी येतायत फळ्या आवळायला. टेबल सुकलं की पहिल्यांदा मी आणि कादरभाई बसणार. तुम्ही वाढायचं."