नकाशावरची माहेरं

प्रिय प्रतीक्षा,

चार वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही, तुझ्या घरी पाऊल ठेवलं नाही. आता एकदम पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळं बरं आहे. आई ठणठणीत आहे. माहेरी जाते असं सांगून ती तुझ्याकडे येते, हे मला केव्हाच कळलंय. म्हणून हे पत्र तिच्याच पिशवीत टाकतोय.

शाळेतली गंमत सांगतो. चौथीला नकाशा शिकवताना म्हटलं, तुमचं घराणं कुठून आलं ते घरी विचारून या, अमरावती-अकोल्याच्या नकाशावर लोकरीच्या दोऱ्यानं दाखवू. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकच उत्तर, आमी इथलेच! पठ्ठे फक्त बापाचं नि आजोबाचं विचारून आले होते. अख्ख्या नकाशावर चांदूर बाजारजवळ एकच टाचणी. मी वैतागलो. तेवढ्यात आकांक्षा उठून म्हणाली, सर, मानसं इथलेच हायेत, बायाच तं बाहेरून आल्या. तीस वर्षं शिकवतोय, पण हे माझ्या टाळक्यात कधी आलं नव्हतं.

मग आयांची, आज्यांची माहेरं आली. पोरं पट्टीनं अंतरं मोजू लागली, दिशांवरून भांडू लागली. भाजीवाल्या गंगूबाई तर पाटी बाहेर ठेवून थेट वर्गात शिरल्या. नातवानं त्यांचं कौंडण्यपूरजवळचं माहेर वर्धा नदीपलीकडे टोचलं होतं. माहं गाव अल्याड हाये, पल्याड काहून नेलं रे, असं झापून त्यांनी टाचणी स्वतः हलवली. मग कितीतरी वेळ त्यावर बोट ठेवून उभ्या होत्या.

नंतर पोरांनी गावाबाहेर दिलेल्या लेकींचे दोरे काढले. आकांक्षानं विचारलं, सर, तुमची पोरगी कुठी देली? मी अकोटवर टाचणी लावली. ती म्हणे, अकोटातच का जवळच्या खेड्यात? खेड्यात, म्हटलं, तर म्हणे, कोणत्या? खेड्यात आहेस एवढंच ऐकून होतो. नाव कधी विचारलंच नाही. चाळीस पोरांसमोर मान खाली गेली, बेटा. तू आपल्या मनानं लग्न केलंस, एवढ्यासाठी मी तुझं गावच नाकारून बसलो.

आईनं नाव सांगितलं असतं, पण मला ते तुझ्याकडून हवंय. अकोटच्या बसस्टँडपासून तुझ्या घरापर्यंतचा नकाशा काढून आईजवळ दे. मी एकटा येईन. चूक माझीच होती. मनोजरावांना जावईबापू म्हणताना जीभ अडखळेल, पण म्हणेन. फक्त तू ‘ये’ म्हटल्याशिवाय एसटीत चढायची माझी हिंमत होत नाही. म्हणशील ना?

तुझाच,
बाबा