टिंक्चरची बाटली आणि रुमल्याचा नवस

प्रिय माय,

तू गेल्यानंतरची ही पहिली होळी. आज दवाखान्यात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही!

आठवतो ना काठी गावचा रुमल्या? मी परकरात होते तेव्हाची गोष्ट. पायावर कुऱ्हाड बसलेली, जखमेत माती, पण गडी पाय पुढे करेना. आजारी लेक वाचावा म्हणून त्याने होळीचा नवस धरला होता. होळीला नाचून होईपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही. आणि आपल्या अक्कलकुव्याच्या दवाखान्यात तर आधी जखम धुवायची रीत! कंपाउंडर खेकसला, "मग कुजू दे पाय!" रुमल्या लंगडत निघालासुद्धा.

तू मलमपट्टीचं टेबल सोडून दारात आडवी झालीस. नवसात काय काय चालत नाही, ते त्यालाच विचारलंस. मग कोरड्या कापसाने माती काढलीस आणि टिंक्चर आयोडीनची बाटली उघडलीस. "पानी नही शे हाई, भाऊ. दवाई शे. आग व्हई, पन पाय ऱ्हाई!"

केवढा बोंबलला तो! पण गावात ओळखीच्या घरी राहिला, रोज येऊन लावून घेतलं, आणि होळीला कमरेला घुंगरं बांधून नाचला. नवस राहिला, पायही राहिला. मी सगळ्या आळीत सांगत सुटले होते.

माझ्या गुडघ्यांना मात्र तेच टिंक्चर न सांगता-सवरता लावायचीस. एक फुंकर तरी घालायची होतीस गं!

शेवटची अंघोळ घालताना मावशी तुझी टिंक्चरने तपकिरी झालेली नखं घासायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे, तिचा दागिना आहे तो.

तर आज. तुझ्या जागी कामाला लागलेली मी तुझ्याच टेबलापाशी उभी, समोर एक जवान गडी, हातावर विळ्याचा घाव. मी पाण्याचं भांडं उचललं तसा तो मागे सरला.

"पानी नको बाई, मानता शे, होळीना नवस. मन्हा बापले, काठीना रुमल्याले, आठेनी दवाखानानी बाईनी दवाई लावेल व्हती, तीच दे."

माय, रुमल्याचा लेक! ज्याच्यासाठी नवस धरला होता, तोच!

"ती बाई मन्ही माय," मी म्हटलं. त्याने हात पुढे केला. मी बोळा टेकवला, आणि हो, फुंकरही घातली. रागावू नकोस.

शब्द देते, ती बाटली कधी कोरडी पडू देणार नाही. आणि दारातून कुणी परत फिरू लागलं, तर आधी त्याचं अडलंय कुठे ते विचारीन.

तुझी, आता तुझ्याच रंगाच्या बोटांची,
शेवंता