पडद्याशी बोलू नये

सोमवार, ३ जून
घात झाला. फिल्म क्लबच्या मीटिंगमध्ये येत्या शनिवारी ॲक्शनपट दाखवायचं ठरलं. मतदानानं. अध्यक्ष मी, विरोधात मी. बाकी सगळे बाजूने. मेव्हण्यानं हात वर केला तेव्हा वाटलं, खाज सुटली असेल. त्याला माफ. त्याच्याच दातांच्या दवाखान्यात आमचे सिनेमे होतात, पेशंट गेल्यावर, वेटिंग रूममध्ये. पण बायको? तिचा हात तर भावाच्याही आधी वर.
मारामारी ही मारामारीच. कितीही चांगल्या कॅमेऱ्यानं टिपली तरी कला नव्हे.

मंगळवार, ४ जून
मास्तरचा फोन. शाळेपासूनचा मित्र, भूगोल शिकवायचा. म्हणाला, चिडू नकोस रे, गेल्या खेपेला ते धुक्यातलं गाढव बघताना अर्धा क्लब घोरत होता. मी सांगितलं, ते घोरणं नव्हे, तल्लीनता. म्हणाला, मग सगळ्यात तल्लीन मी होतो.
राग धरलेला दिसतो. हिवाळ्यात त्याला दोन महिने निलंबित केलं होतं. पडद्यावर नायिका पत्र जाळत होती आणि हा मोठ्यांदा 'अरेरे' म्हणाला. नियम पहिला, मीच केलेला: पडद्याशी बोलेल तो क्लबाबाहेर.

गुरुवार, ६ जून
उपाय सापडला. रिमोट माझ्या हातात. प्रत्येक मारामारीला पॉज दाबायचा आणि दाखवून द्यायचं: बघा, इथं माणूस नाही, नुसते हातपाय आहेत. शिवाय मास्तर ओरडणार, हे नक्की. मग नियम पहिला.
बायकोला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, अहो, पण तुम्ही तो सिनेमा बघितलाय का? गरज नाही, म्हणालो. ती हसली. हे हसणं लक्षात ठेवतो.

शनिवार, ८ जून, सकाळ
रिमोटमध्ये नवे सेल घातले. मन शांत.

रविवार, ९ जून
वस्तुनिष्ठपणे लिहितो.
एक लिफ्ट दुरुस्त करणारा. लिफ्ट बंद. वरच्या मजल्यावर भाऊ कोंडलेला. मध्ये जिना, जिन्यावर गुंड. बस. संवाद जवळजवळ नाहीतच.
पहिल्या मारामारीला पॉज दाबला नाही, कारण त्यानं आधी चष्मा काढून खिशात ठेवला. मग एकाच हातानं लढला. दुसरा हात खिशावर, चष्मा फुटू नये म्हणून. हे बघून घ्यावं म्हटलं. पुढच्या मारामारीला तो दमला होता. दमलेला माणूस कठडा कसा धरतो ते बघत राहिलो. मग तो पायरीवर बसला आणि त्याच्या मागचं दार हळूहळू उघडायला लागलं.
कोणीतरी ओरडलं, अरे गाढवा, मागे बघ!
मी मास्तरकडे वळून बघितलं. मास्तर माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते. मी उभा होतो. माझ्या डोक्याची सावली पडद्यावर, नायकाच्या शेजारी.
सवय नसलेल्या डोळ्यांचा दोष.
मेव्हण्यानं दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यावर थांबलो. सिनेमा संपल्यावर थोडा वेळ मौन, असा क्लबाचा रिवाज आहे. कोणी पाळला नाही. सगळ्यांत मोठा आवाज बायकोचा. एरवी ती चर्चेत तोंड उघडत नाही. म्हणत होती, सिनेमा बोलून नाही, दाखवून सांगतो, हे आमच्याकडून इतकी वर्षं घोकून कोणी घेतलं? आज दिसलं.
माझंच वाक्य.

सोमवार, १० जून
नियम म्हणजे नियम. राजीनामा दिला. लोक आग्रह करतील, थोडे आढेवेढे घ्यायचे, मग मान डोलवायची, असं ठरवून गेलो होतो.
मास्तर म्हणाला, बरं.
आता तोच अध्यक्ष. मेव्हणा म्हणाला, भावोजी, दोन महिने हं, मास्तरांना होते तेवढेच. बायकोचं अनुमोदन. मग मास्तरनं पहिलं काम केलं: नियम पहिला रद्द. ही सूट जुन्या प्रकरणांना लागू नाही.

बुधवार, १२ जून
मतावर ठाम. ॲक्शनपट कला नव्हे. फक्त दारामागे कोण होतं ते राहून गेलं. बायकोला सहज विचारलं. म्हणाली, क्लबाबाहेरच्यांना सांगत नाही.

शनिवार, १५ जून
दाढ दुखते. मेव्हण्याची शेवटची अपॉइंटमेंट घेतली. बाहेर लोकाग्रहास्तव तोच सिनेमा पुन्हा होता, त्याच्याशी ह्याचा संबंध नाही.
त्यानं दाढ ठोकून बघितली. म्हणाला, भावोजी, ठणठणीत आहे की. मी म्हणालो, नीट बघ, घाई करू नकोस. मग त्यानं तोंडात कापूस कोंबला आणि सावकाश सगळेच दात बघायला घेतले.
वेटिंग रूमच्या बाजूचं दार धुरकट काचेचं. जिन्यावरची पावलं ऐकू आली. चष्मा खिशात गेला असणार. धडाधड. धाप. मग काहीच नाही. बसला पायरीवर. दार करकरलं.
बाहेर सगळे एकदम ओरडले. मास्तर, बायको, सगळे. मेव्हणा हातातलं हत्यार टाकून पळाला.
कोण आहे, असं मी खुर्चीतून ओरडलो. निदान तसा प्रयत्न केला. तोंडात कापूस होता.