हॉस्टेलची बादली

बाळकुम, २७ डिसेंबर, संध्याकाळ

नात नाताळच्या सुट्टीला नागपूरहून घरी आली, तर हॉस्टेलची बादली का घेऊन आली? बादली, आत अंघोळीचा मग, वर बांधलेली उशी. थोड्या दिवसांसाठी कोणी बादली आणतं? खोली कायमची सोडतानाच आणतात. माझा मुलगा आणि सून दोघं इंजिनिअर, पण दोघांनाही हे दिसू नये!

दुपारी विचारलंच. "सई, बादली का गं आणलीस?"

"अगं आजी, फुटलीये ती."

मी भरून पाहिली. थेंबही गळला नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरसमोर बिनदिक्कत खोटं बोलणाऱ्या मुली होत्या. हिला तेवढंही जमत नाही. कॉलेज सोडलं की काय? की तिथे कोणी त्रास दिला? फोन वाजतो, ही नुसती बघत राहते, उचलत नाही.

आत्ता चहाला मुलाने विचारलं, "काय मॅडम, परत कधी? तिकीट काढायला हवं."

पोरीचं बिस्किट चहातच विरघळलं. आणि दोन दिवस तिच्यावर पाळत ठेवणारी मी ताडकन म्हणाले, "घाई कसली? मला डोळे दाखवायचे आहेत. मीच थांबवलंय तिला."

"आई, डोळे मागच्याच महिन्यात दाखवले ना?" सूनबाई.

"एकच दाखवला. दुसरा आहे अजून."

सई माझ्या मागोमाग खोलीत आली, दार लोटून पलंगावर बसली. मी लिहिण्याचं निमित्त करून ती बोलायची वाट बघते आहे.