सुरा पाजवायचा कशावर

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
वडगाव रासाई, ता. शिरूर
६ एप्रिल २०२५

ती. सौ. साधना वन्सं यांस,
गिताचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व ठीक. तुमची खानावळ आणि तुमच्या सासूबाईंचे गुडघे कसे चालले आहेत ते कळवावे. फोनच केला असता, पण तुमचे बंधू फोन स्पीकरवर ठेवतात आणि माझ्या वतीनं तेच बोलतात. म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या भैरूच्या हाती देते.

विषय आबांच्या सुऱ्याचा आहे. मेंढरं राखायचे तेव्हा लांडग्यासाठी कमरेला असायचा, तोच. जत्रेला देवाचं पहिलं बकरं त्याच सुऱ्यानं कापायचा मान आपल्या घराचा, हे घरच्या लेकीला मी काय सांगावं. पण गेल्या जत्रेत तीन घाव होऊनही बकरं तुमच्या बंधूंकडे बघतच होतं. मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. आता पंचांनी बजावलंय, यंदा एका घावात झालं नाही तर मान चुलत घराकडे, मल्हार भाऊजींकडे जाईल.

म्हणून तुमच्या बंधूंनी मोबाइलवरून धार लावायचं यंत्र मागवलं. खोक्यावर लिहिलंय, हंटिंग आणि किचन दोन्ही चाकूंना चालतं, वापरायला एकदम सोपं. ते वाचल्यापासून आबांच्या सुऱ्याला ते हंटिंग नाइफ म्हणतात. शिकार म्हणाल तर कणगीतला उंदीर त्यांना बघून बाजूला सरकतसुद्धा नाही. यंत्राला दोन फटी आहेत. भाजीचा चाकू त्यातून नीट गेला, खोटं कशाला बोलू. सुरा पडला जाड, तो अडकला आणि दोघांनी ओढून काढावा लागला. मग विजेवरचं दुसरं आलं. त्यानं सुऱ्याचं नाकच खाल्लं. आबांनी पात्यावरून अंगठा फिरवला, कुत्र्यानं चघळलाय का एवढंच विचारलं आणि भिंतीकडं तोंड करून निजले. तेव्हापासून भाकरीला हात नाही, नुसतं ताक घेतात.

आता तिसऱ्या यंत्राची चौकशी चाललीय. तुमच्याकडे रोज मटण तुटतं, तेव्हा तुम्ही धार कशावर लावता ते कळवा. सोपं असावं, कारण शेवटी ते माझ्याच गळ्यात येणार. जत्रा अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी आहे.

लोभ आहेच, त्याची धार जाऊ देऊ नये ही विनंती.
आपली,
गिता

भांडगाव, ता. दौंड
११ एप्रिल

चि. सौ. गितास अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की रस्सा करपला. तो गिऱ्हाइकांना स्पेशल म्हणून वाढला.

भिमाचं मला नवल नाही. लहानपणी आबांनी त्याला सुरा पाजव म्हणून सांगितलं, तर हा वाटीत शेळीचं दूध घेऊन सुऱ्याला पाजत बसला. काय चाललंय विचारलं तर म्हणाला, पीतच न्हाई. आता दूध सोडून विजेवर आलाय, एवढीच काय ती सुधारणा.

भाजीच्या चाकूला फटीचंच यंत्र बरं. ओट्यावर घट्ट बसणारं, जाड मुठीचं असावं. जोर करायचा नाही, चाकू नुसता आपल्याकडं ओढायचा. आमचे सत्तूर धारवाला सायकलच्या चाकावर लावून देतो. पण आबांच्या सुऱ्याला चाक लावशील तर ते घर सोडून जातील. त्याला त्यांचा निसणाच हवा, तो मधून होडीसारखा झिजलेला दगड. सुरा त्या खळग्यातच बसतो. कुठं ठेवलाय ते आबांना विचार. घरात एवढी यंत्रं मावतात आणि एक दगड सापडत नाही म्हणजे कमाल आहे.

रस्सा पातळ झाला तर चालेल, माया पातळ करू नकोस.
तुझी,
साधना

वडगाव रासाई
१५ एप्रिल

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

आबांना विचारलं. भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले की निसणा साधनाला दिला. खानावळवाल्यांत लेक दिली, तिच्या हत्यारांना धार राहावी म्हणून पिवळ्या फडक्यात, वर भंडारा टाकून, लग्नाच्या पाटीत स्वतः बांधून ठेवला. वन्सं, माहेरची भांडी तुम्ही निवडून नेली हे ठाऊक होतं, दगडही सोडला नाही हे आज कळलं.

तिसरं यंत्र आलं. त्याला फटी तीन आहेत, सुरा एकीतही जात नाही. मल्हार भाऊजींची शितल साखर मागायला म्हणून आली आणि सुरा बघून गेली. साखर इथंच विसरली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला जत्रेसाठी नवा सदरा शिवायला टाकल्याचं कळलं.

तेवढा निसणा शोधा. तो सापडेपर्यंत लोभाचं नंतर बघू.
आपली,
गिता

भांडगाव
१९ एप्रिल

चि. सौ. गितास अ. उ. आ.

निसणा सापडला. शोधावा लागला नाही, रोज सकाळी मी त्याच्या पाया पडते.

लग्नात ती पाटी माझ्या सासूबाईंनी, जाईबाईंनी उघडली. पिवळं फडकं, फडक्यात भंडारा, भंडाऱ्यात काळा दगड. सुनेबरोबर बिरोबा चालत आला म्हणून त्या तिथंच हात जोडून उभ्या राहिल्या. मी अंघोळ करून येईतो शेंदूर लागलासुद्धा. मला वाटलं, आबांनी खरंच देव दिला असेल. शेंदराच्या थरांनी खळगा बुजला, मग ओळखणार कोण? आता सासूबाई त्याचे रविवार धरतात. खानावळ त्याच्याच कृपेनं चालते, माझ्या हाताला चव आहे म्हणून नाही. हायवेवरच्या दोन ट्रकवाल्यांना त्याच्या नवसानं मुलगे झालेत. ते निसण्यानं झाले म्हणून सांगू का त्यांना?

देव जरा माहेरी नेऊन आणू का, एवढंच काल विचारलं तर सासूबाईंनी जेवण सोडलं. तिकडं आबा, इकडं ह्या. खरं सांगावं तर एवढे रविवार दगडाला घातले म्हणून म्हातारी झुरेल. न सांगावं तर आबांच्या डोळ्यांदेखत मान जाईल. तू रोज पोथी वाचतेस, तूच काय ते सांग.

आशीर्वाद सध्या तूच मला दे.
तुझी,
साधना

वडगाव रासाई
२३ एप्रिल

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

देव हलवू नये. सुऱ्यानं देवाकडं जावं.

जत्रेआधी हत्यार देवाच्या अंगावरून फिरवून न्यायची आमच्यात रीत आहे, असं सासूबाईंना सांगा. हे खोटं नाही. बिरोबाचं नाव घेतल्याशिवाय आबांनी सुरा कधी पाजवला नाही. पाजवायला पाणी लागतं, अभिषेकालाही लागतं. तांब्या एकच पुरेल.

आबांना हे सांगितलं तर उठून बसले आणि भाकरी मागितली. शनिवारी भैरूच्या टेम्पोतून येतील. तुमच्या बंधूंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना मी तिन्ही यंत्रं पुसायला बसवलंय.

देवावर आणि माझ्यावर भरवसा असावा.
आपली,
गिता

वडगाव रासाई
५ मे

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

जत्रा पार पडली. एकच घाव. ढोलावरची टिपरी वर गेली होती ती खाली यायच्या आत आटोपलं. मान घरात राहिला. आबा स्वतःच्या पायानं देवळात आले आणि परत येऊन तीन भाकरी जेवले. शितलनं घरी जाऊन सदऱ्याची घडी पुन्हा घातली म्हणे.

तुमचे बंधू पारावर बसून ही तिसऱ्या यंत्राची किमया म्हणून सांगतात. ऐकून तिघांनी तसलं यंत्र मागवलंसुद्धा. आबा गालात हसतात. भांडगावात काय घडलं ते विचारलं तर म्हणाले, देवाच्या गोष्टी पोथीवाल्या बाईनं विचारू नयेत. म्हणून तुम्हाला विचारते.

उत्तर लवकर द्यावं, मायेचा तेवढा हक्क आहे.
आपली,
गिता

भांडगाव
९ मे

चि. सौ. गितास अ. उ. आ.

सासूबाईंनी रांगोळी काढली आणि तांब्यानं पाणी धरलं. आबा बिरोबाचं नाव घेत सुरा फिरवू लागले. हळूहळू शेंदूर निघाला, खळगा उघडा पडला. सासूबाईंनी विचारलंच, हे काय झालं? आबा मान वर न करता म्हणाले, देवानं सुऱ्याला कुशीत घेतलं. सासूबाईंनी त्या खळग्यावरून बोट फिरवलं. मग आत गेल्या, भाजीचा चाकू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ह्यालाही जरा घ्या म्हणावं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आता रविवारी आळीतल्या बायका चाकू, कोयते, खुरपी घेऊन दारात रांग लावतात. वरून पाणी, मुखी देवाचं नाव, आणि घरी गेल्यावर कांदा कधी चिरला ते हाताला कळत नाही. देव कडक हाय, म्हणतात. धारवाला आमच्या आळीत फिरकायचा बंद झालाय.

आबांना नमस्कार, तुला आशीर्वाद आणि भिमाला निरोप. यंत्रं परत पाठव म्हणावं. हंटिंग आणि किचन, दोन्हींना चालतं असं आमच्याकडं आहे. वापरायला एकदम सोपं, फक्त चपला बाहेर काढाव्या लागतात.

तुझी,
साधना