बिनरुमालाचा माणूस

सावदा,
दि. १४ मे २०२४

ती. सुनंदाअक्का यांस,
चारुलताचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. आईंच्या पायाचं प्लास्टर अजून निघायचं आहे, पण जीभ अगदी धडधाकट. पलंगावरून साऱ्या घराला कामं सांगतात. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, याचा मला फायदाच झाला, निवांत चार ओळी लिहायला मिळतात. हे पत्र जितेंद्रच्या हाती देते. त्याची केळीची गाडी धुळ्याला येतेच.

आता मुद्द्याचं. तुमच्या लाडक्या भाचीने घर डोक्यावर घेतलं आहे. पंचवीस तारखेला सोनगीरला, किल्ल्याजवळच्या मैदानावर, कसला तो संगीत महोत्सव आहे. पुण्या-मुंबईचे गाणारे येणार, फाटक दुपारीच उघडणार, गाणी संध्याकाळी. तुमचा तेजस आणि त्याची मैत्रीण सबीहा जाणार, म्हणून ऋतिकालाही जायचं आहे. बारावीला वर्षभर मान वर केली नाही, आता एवढं एकच मागते, असं तिचं म्हणणं.

ह्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. का, तर ऊन. इथे पारा पंचेचाळिसाला टेकला आहे. बागेला चहूकडून हिरवी जाळी बांधली, एकेका घडावर पिशवी चढवली, तरी ह्यांच्या डोळ्याला डोळा नाही. पोरीला कुठली पिशवी घालू, असं मलाच विचारतात. खरं सांगू का अक्का, ऊन हे निमित्त. गर्दी, पोरं, परतीचा अंधार, हे सगळं ह्यांच्या मनात आहे आणि माझ्याही. पण बापलेकींचं बोलणं बंद आहे, आणि लवकरच ती कॉलेजला बाहेरगावी जाईल. अशी रुसून गेलेली मला नको. तुम्ही थोरल्या, तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. काय ते सांगा.

तुमची माया आहे म्हणून एवढं लिहिण्याचं धाडस केलं. ती तशीच राहू द्यावी.

आपली,
चारुलता


धुळे,
दि. १७ मे २०२४

चि. सौ. चारुलता हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, सोबतची केळीही पोचली. पितांबरला आठवण करून दे, शाळेत असताना हा गॅदरिंगचं नाव सांगून फैजपूरला सायकलवर ऑर्केस्ट्रा ऐकायला गेला होता, आणि आबांना थाप मी मारली होती. मी काही विसरलेले नाही.

ऋतिकाला माझ्याकडे पाठव. तेजस माझं शेंडेफळ, उठायला आळशी, पण सोबत घेतलेल्या माणसाला सोडणार नाही. सबीहा आमच्या गल्लीतल्या नजीरभाईंची मुलगी. नर्सिंग शिकते, डोक्याने थंड आहे. परत आणायला नजीरभाई स्वतः रिक्षा घेऊन जाणार आहेत. चारच्या आत घराबाहेर पाय ठेवायचा नाही, हे मी तिघांना बजावलं आहे. तेजस हो म्हणाला, तो खरंच हो होता की नुसते ओठ हलले हे मात्र मला सांगता यायचं नाही.

काळजी मलाही वाटते गं. तुम्हाला निदान फाटकाचा आवाज येतो. मला पोरं समोर येऊन उभी राहीपर्यंत कळत नाही. पण म्हणून त्यांना कोंडून ठेवायचं का?

आईला नमस्कार. तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, तो ओळखून वागावं.

तुझी,
सुनंदाअक्का


सावदा,
दि. २४ मे २०२४

ती. सुनंदाअक्का यांस,
सा. न. वि. वि.

ऋतिका हे पत्र घेऊनच येते आहे. ह्यांनी हो म्हटलं, पण कसं, तर पेपरातून मान वर न काढता. उद्या स्वतः पहूरला अभिमनभाऊंकडे वास्तुशांतीला जाणार आहेत. म्हणाले, घरी बसून घड्याळ बघत राहण्यापेक्षा ते बरं.

तिच्या पिशवीत इलेक्ट्रॉलची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, सुती ओढणी आणि कांदे घातले आहेत. कांदे बघून ती हसली, तुम्ही हसू नका. ती पोचली की तेजसला तेवढा एक फोन करायला सांगा.

तुमच्यामुळे लेक हसत घराबाहेर पडली. हे उपकार माझ्या लक्षात राहतील.

आपली,
चारुलता


धुळे,
दि. २७ मे २०२४

चि. सौ. चारुलता हिस,
अ. उ. आ.

आधी हे वाच. पितांबर बरा आहे. आत्ता माझ्यासमोर बसून मऊ भात खातो आहे आणि मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरतो आहे. परवा तेजसने फोनवर मामांना चक्कर आली एवढंच सांगितलं, ते मीच सांगायला लावलं. आईला तशी सोडून तुला निघता येत नव्हतं, उगाच तुझा जीव टांगणीला लागला असता. आता सगळं लिहिते.

तो पहूरला गेलाच नाही. एसटीने धुळ्याला आला, मला न कळवता सोनगीर गाठलं, आणि मैदानाबाहेर गाड्या लावतात तिथे भर दुपारपासून लेकीची वाट बघत उभा राहिला. डोक्यावर रुमाल नाही. डोक्याला गुंडाळायचा तो बागायतदार रुमाल पितांबर झोपताना काय तो काढतो. पण पोरगी लांबून त्यावरूनच ओळखेल म्हणून पिशवीत कोंबला होता. हे त्याने मला काल सांगितलं. चारू, केळीचा एकेक घड झाकणारा माणूस त्या उन्हात उघड्या डोक्याने उभा. मला रागही आला आणि रडूही.

मुलं ऊन कलल्यावर पोचली. फाटकाकडे जाताना सबीहाला तारेच्या कुंपणाशी कोणी पडलेलं दिसलं. रसवंतीवाला लोकांना बोलावत होता, भाऊना डोकावर काहीच नही शे म्हणून. कोण आहे हे बघायच्या आधीच सबीहा आणि तेजस धावले. ऋतिका बाटल्या घेऊन मागून आली, आणि तिने तोंड पाहिलं. तेजस सांगतो, ती जागच्या जागी थिजली, मग ओढणी भिजवून बापाच्या अंगावर टाकली. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, बोलणं भरकटलेलं. ती इलेक्ट्रॉल पाजायला गेली तर सबीहाने अडवलं. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालायचं नाही म्हणे. रसवंतीवरचा बर्फ फडक्यात बांधून काखेत आणि मानेशी धरला. तेजसने आतून महोत्सवाचे डॉक्टर आणले, त्यांच्याच अँब्युलन्समधून त्याला इथल्या दवाखान्यात हलवलं. इथले डॉक्टर म्हणाले की मुलांनी आधी अंग थंड केलं म्हणून निभावलं, आणखी उशीर झाला असता तर. पुढचं मला ऐकू आलं नाही, आणि मी परत विचारलंही नाही.

आपण ज्यांच्या काळजीने झुरत होतो, त्यांनीच आपलं माणूस आपल्याला परत दिलं. सबीहाच्या आईला, मदिनाभाभींना भेटायला गेले आणि त्यांचे हात धरले. त्यांनी मला चहा करून पाजला.

उद्या पितांबरला तेजस आणून सोडेल. त्याला बोलू नकोस, तो स्वतःलाच पुष्कळ बोलतो आहे. ऋतिकाला मी थोडे दिवस ठेवून घेते. देवाने आपलं घर सांभाळलं, आता आपण एकमेकांना सांभाळू.

तुझी,
सुनंदाअक्का


सावदा,
दि. ६ जून २०२४

चि. ऋतिका हिस,
पप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुला मी आजवर पत्र लिहिलं नाही. आज लिहायला बसलो तर तुझी आई दारातून बघून जाते आणि हसते. मी आता चांगला आहे. बागेत सकाळीच जाऊन येतो. उशीर झाला की आजी पलंगावरून अशी हाक मारते की शेजारची माणसंही घरात जातात. जितेंद्रच्या गाडीतून सबीहाच्या घरी केळीचे घड पाठवले आहेत. त्याने काही फिटत नाही, हे मला कळतं. तू स्वतः नेऊन दे.

समोर बसून बोलता आलं नाही ते लिहितो. दवाखान्यात मला जरा शुद्ध आली तेव्हा डॉक्टर तुला विचारत होते की हे एवढ्या उन्हात तिथे करत काय होते. मी डोळे मिटूनच ठेवले. तेजस, सबीहा, नजीरभाई, सगळे होते. मला वाटलं, आता तू सांगशील, माझ्यावर पाळत ठेवायला आले होते. सांगितलं असतंस तरी ते खरंच होतं. तू म्हणालीस की पप्पा माझ्यासोबत गाणी ऐकायला आले, मीच त्यांना बाहेर उभं राहायला लावलं, माझं चुकलं.

बेटा, चूक माझी, आणि चार माणसांत ती तू अंगावर घेतलीस. नंतरही एका शब्दाने मला विचारलं नाहीस. रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं. जीव वाचवलास तो तर आहेच, पण माझी मान खाली जाऊ दिली नाहीस, त्याचं मोल मला जास्त वाटतं. मी तुझा फार आभारी आहे. बापाने लेकीला असं लिहायची रीत नाही, तरी लिहितो.

तुझी गाणी माझ्यामुळे बुडाली. तेजस सांगत होता की डिसेंबरात नाशिकला असाच कार्यक्रम आहे. तू जा. मला नेलंस तर शेजारी बसून ऐकेन. नाही नेलंस तर घरी बसेन, खरोखर घरी.

तुझा लोभ किती आहे ते दवाखान्यात कळलं. तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझे,
पप्पा