फोनवर घेतलेला आळ

सोमवार, ४ तारीख
धाकट्या बहिणीने पुन्हा फोन कापला. "ऑपरेशनला मी येऊन राहते," एवढंच म्हटलं, की पलीकडे गप्प. तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे पंधराला, आणि मोठ्या बहिणीने विचारायचंसुद्धा नाही? आता मी नाही करणार फोन. — आणि फोनबाबा, मी बोलते तेवढंच लिही. मला वाचता येत नाही म्हणून पदरचं घालू नकोस.

बुधवार, ६
टीव्हीवर माझाच फोन! म्हणजे तसला. डाव्या हातात धरला, खालचा कोपरा तळव्याखाली गेला की रेंज पळते म्हणे. चौघं एकमेकांवर ओरडत होते. एकाने तर लिंबू पिळावं तसा पिळून दाखवला.
मी डावरी. म्हणजे धाकटी नव्हतीच कापत — हा मेला कापत होता! मनातल्या मनात किती बोलले मी तिला. लगेच लावला. उचलला नाही. तिलाही वाटलं असेल, ताईच कापते.

गुरुवार, ७
मुलाच्या दुकानात गेले. मागचं कपाट याच फोनच्या खोक्यांनी भरलंय. एक बाई घ्यायला आली होती. म्हटलं, "घेऊ नका हो, सख्ख्या बहिणींत भांडण लावलं याने." बाई गेली. मुलगा हळूच म्हणाला, "आई, तू घरी जा." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, ८
जेवणं उरकली. मग मुलाने फोन माझ्या डाव्या हातात दिला. "हवा तसा आवळ." जिन्यात, गच्चीवर, रस्त्याच्या टोकाला फिरवलं मला. सूनबाई घरातून बोलत होती — "आई, आता काय बोलू? पुढच्या आठवड्याच्या भाज्यासुद्धा सांगून झाल्या." रेंजच्या दोन कांड्या उतरल्या, पण आवाज येत राहिला.
"रेंज मुळातच कमी असेल तिथे तुटतो," मुलगा म्हणाला. "दोष आहे, नाही म्हणत नाही. पण केवढा बाऊ केलाय टीव्हीवाल्यांनी."
"तू विकतोस, तू असंच म्हणणार."
खरं सांगू? फोनच दोषी निघायला हवा होता मला.

शनिवार, ९
उचलत नाही.

रविवार, १०
सूनबाईच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लावला. धाकटीने उचलला. मी सगळा पाढा वाचला — डावा हात, रेंज, टीव्ही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, फोन चांगला आहे तुझा. मीच ठेवत होते. ऑपरेशन रद्द केलंय मी, मागच्याच महिन्यात." आणि ठेवला.
मुलाला म्हटलं, दुकान राहू दे, गाडी काढ. तिच्या दारात उभी राहून बोलते. तिथे कुठलं बटण दाबते, बघू.